एकाआड एक सरी : औंढ्याच्या गच्चीवर एचडी चित्र कसे उतरले

औंढा नागनाथच्या कोणत्याही उंच गच्चीवरून भोवतालच्या पत्र्यांकडे आणि धाब्यांकडे पाहिले, तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. मोफत वाहिन्यांच्या बहुतेक छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून, क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर आकाश न्याहाळत असतात. ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर जीसॅट-१५ हा उपग्रह आहे आणि औंढ्याहून तो त्याच दिशेला येतो. नामदेवांच्या कीर्तनासाठी जिथे देऊळच फिरले अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, त्या गावाला कोणी कोणाकडे तोंड करायचे हा प्रश्न नवा नाही. या धाग्याचा विषय मात्र त्या छत्रीतून घरात उतरणारे चित्र आहे. ते किती रेषांचे, कोणत्या मापाचे आणि कोणाच्या निर्णयाने ठरले, याचा हा इतिहास.

आज तालुक्याच्या गावातल्या दुकानातही मिळणारा ३२ इंची टीव्ही ‘एचडी’ असतो. खोक्यावर तसे ठळक छापलेले असते. घरी आणून छत्रीला जोडला की पहिल्याच संध्याकाळी घरातले कोणीतरी म्हणते, ‘यात माणसं जाड का दिसतात?’ प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र लंडन, टोकियो, दुब्रोवनिक आणि वॉशिंग्टन अशी वळणे घेत परत औंढ्याला येते.

‘हाय डेफिनिशन’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या अखेरचा वाटतो, पण तो त्याहून बराच जुना आहे. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीची नियमित सेवा कशी असावी हे ठरवणाऱ्या सेल्सडन समितीने १९३५ मध्ये ‘उच्च स्पष्टते’ची अट घातली होती आणि ती होती किमान २४० रेषांची. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून सेवा सुरू केली, तेव्हा बेअर्ड यांची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची अशा दोन पद्धती आलटून पालटून वापरल्या जात होत्या. काही महिन्यांतच बेअर्ड पद्धत मागे पडली. त्या आधीची यांत्रिक चित्रे ३० रेषांची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे २४० रेषांना ‘उच्च’ म्हणणे हास्यास्पद वाटत नाही. ‘उच्च’ हा शब्द तेव्हापासूनच सापेक्ष राहिला आहे. प्रत्येक पिढी आपल्या आधीच्या चित्राशी तुलना करून तो वापरते.

रेषा म्हणजे काय, हे इथे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. जुन्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावे, एक रेषा ओढून खालच्या रेषेवर उतरे आणि असे करत तळापर्यंत पोहोचे. चित्र स्थिर वाटावे तर हे काम सेकंदाला निदान पन्नास वेळा व्हायला हवे, नाहीतर डोळ्यांपुढे लुकलुक होते. पण पूर्ण चित्र सेकंदाला पन्नास वेळा पाठवायचे तर ध्वनिलहरींच्या शेकडो पट रुंद वाट लागे आणि तेवढी वाट आकाशात मोकळी नव्हती. यावर निघालेली युक्ती हिंगोलीच्या हळद उत्पादकाला पटकन समजेल. पाणी कमी असले की शेतकरी एकाआड एक सरी भिजवतो. पहिल्या पाळीला विषम सऱ्या, पुढच्या पाळीला सम. प्रत्येक पाळीला पाणी निम्मेच लागते आणि वाफा पूर्ण कोरडा कधीच पडत नाही. दूरचित्रवाणीने नेमके हेच केले. आधी १, ३, ५ अशा रेषांचे अर्धे चित्र आणि लगेच २, ४, ६ अशा रेषांचे दुसरे अर्धे चित्र. सेकंदाला ५० अर्धी चित्रे, म्हणजे २५ पूर्ण चित्रे. डोळा दोन्ही अर्ध्या चित्रांना एकत्र पाहतो आणि फसतो. इंग्रजी ‘इंटरलेस’चे आद्याक्षर ‘आय’ आज ‘१०८०आय’ या नावात शिल्लक आहे. एकाआड एक सरी न सोडता सगळ्या रेषा सलग ओढणाऱ्या ‘प्रोग्रेसिव्ह’ पद्धतीचे आद्याक्षर ‘पी’.

आता ५० हाच आकडा का? कारण युरोपातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा होता. चित्राची गती विजेच्या गतीशी जुळली नाही, तर त्या काळच्या संचांत पडद्यावर काळसर पट्टे सरकत. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे सेकंदाला ६० अर्धी चित्रे. अमेरिकेने १९४१ मध्ये ५२५ रेषांचे मानक स्वीकारले, तर युद्धोत्तर युरोपच्या मोठ्या भागाने ६२५ रेषांचे. या संख्याही आकाशातून पडलेल्या नाहीत. एकाआड एक रेषा बसवायची तर एकूण संख्या विषम हवी आणि त्या काळच्या मंडलांना भागाकार सोपा जावा म्हणून ती लहान विषम संख्यांच्या गुणाकाराने बनलेली हवी. ५२५ म्हणजे ३ × ५ × ५ × ७. ६२५ म्हणजे चार वेळा ५.

भारताची वीज ५० हर्ट्झची. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आकाशवाणीच्या छत्राखाली प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा ६२५ रेषा आणि ५० अर्धी चित्रे हे मानक ओघानेच आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि बरोबर एका वर्षाने सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रातून ते चित्र पुण्याला पोहोचले. मराठवाडा अजून अंधारातच होता. त्याहून चुटपुट लावणारी गोष्ट १९७५-७६ ची. ‘साइट’ या उपग्रह शैक्षणिक प्रयोगात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना थेट चित्र दाखवले गेले. जाळीच्या तीन मीटर छत्र्या गावागावांत उभ्या राहिल्या. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मराठवाड्याच्या शेजारच्या गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर जिल्ह्यांतल्या गावांनी छत्री पाहिली. औंढ्याला ती पाहायला आणखी बरीच वर्षे लागायची होती.

रंग आला १९८२ मध्ये. नवी दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या तोंडावर भारताने ‘पाल’ ही रंगपद्धती स्वीकारली. जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ती विकसित केली होती. रेषा तेवढ्याच राहिल्या, ६२५. त्यांतल्या ५७६ रेषांवर प्रत्यक्ष चित्र असे. उरलेल्या ४९ झोत तळातून पुन्हा वर येण्याच्या वेळात खर्ची पडत. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ च्या काही महिन्यांत देशभर शंभराहून अधिक कमी शक्तीची सहक्षेपण केंद्रे उभी राहिली. त्यांची शक्ती बहुधा १०० वॉट, म्हणजे एका मोठ्या विजेच्या दिव्याएवढी, आणि पल्ला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर. औंढ्यापासून हवाई अंतर मोजले तर हिंगोली सुमारे २५, परभणी सुमारे ४० आणि नांदेड सुमारे ५० किलोमीटर. कोणत्याही जिल्ह्याच्या गावी असा मनोरा उभा राहिला, तरी औंढा त्याच्या कडेबाहेरच पडणार, हे हा हिशेबच सांगतो. तरीही लोक पाहत. उंच बांबूवर अँटेना, गच्चीवर एक मुलगा, खाली दारात दुसरा आणि मधे ‘आलं का?’, ‘अजून थोडं फिरव’ अशी आरोळ्यांची साखळी. चित्रावर मुंग्या येत, पण ‘रामायण’ (१९८७-८८) मुंग्यांसकट पाहिले गेले. अ‍ॅनालॉग पद्धतीचा हा गुण इतिहासात कमी नोंदला जातो. संकेत क्षीण झाला तर चित्र खराब होई, पण नाहीसे होत नसे. सीमेबाहेरच्या गावाला ते निदान अर्धेमुर्धे तरी पोहोचत होते.

याच वर्षांत, औंढ्यातली मुले अँटेना फिरवत असताना, जगात वेगळाच वाद पेटला होता.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने पुढच्या पिढीच्या दूरचित्रवाणीचे संशोधन हाती घेतले. ताकाशी फुजिओ हे त्यातले अग्रणी नाव. त्यांचा आरंभबिंदू यंत्र नव्हते, पाहणारा माणूस होता. चित्र किती रुंद असले आणि किती जवळून पाहिले म्हणजे माणसाला आपण त्या जागी आहोत असे वाटते? उत्तर आले, पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून आणि ४:३ पेक्षा बरेच रुंद. एवढ्या जवळून रेषा वेगळ्या दिसू नयेत तर त्या हजाराच्या पुढे हव्यात. यातून १,१२५ रेषा ठरल्या. ही संख्याही मुत्सद्दी होती. ५२५, ६२५ आणि १,१२५ या तिन्ही संख्यांना २५ ने भाग जातो आणि २१ : २५ : ४५ असे प्रमाण उरते. दोन्ही जुन्या कुटुंबांतून नव्यात रूपांतर करणे सोपे जावे, हा त्यामागचा हेतू.

अडचण वाटेची होती. या चित्राला जुन्या वाहिनीच्या कितीतरी पट रुंद वाट लागे. एनएचकेने ‘म्यूज’ नावाची युक्ती करून ते सुमारे ८ मेगाहर्ट्झमध्ये कोंबले आणि उपग्रहावरून पाठवले. स्थिर दृश्य अप्रतिम दिसे, पण कॅमेरा वेगाने फिरला की चित्र पुसट होई. तरीही नोव्हेंबर १९९१ पासून जपानमध्ये रोज आठ तास हे प्रसारण चालू होते. जगातले पहिले नियमित एचडी प्रसारण हेच आणि ते अ‍ॅनालॉग होते. एचडी म्हणजे डिजिटल असे समीकरण मनात पक्के बसलेल्या आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल.

१९८६ मध्ये दुब्रोवनिक इथे आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीच्या अधिवेशनात जपानने १,१२५ रेषा आणि ६० अर्धी चित्रे हे जागतिक मानक व्हावे असा आग्रह धरला. अमेरिका त्याच्या बाजूने होती. युरोपने ते अडवले. वरकरणी कारण तांत्रिक होते, ५० हर्ट्झच्या देशांनी ६० चे चित्र का स्वीकारावे? आतले कारण उद्योगाचे होते. जपानी मानक म्हणजे जपानी कॅमेरे, जपानी संच आणि जपानी पेटंटे. फिलिप्स आणि थॉमसनसारख्या कंपन्यांचा बाजार त्यात बुडाला असता. युरोपने ‘युरेका-९५’ नावाचा प्रकल्प उभारला, १,२५० रेषा आणि ५० अर्धी चित्रे असलेली ‘एचडी-मॅक’ ही स्वतःची पद्धती बनवली, १९९२ च्या आल्बेरव्हिल आणि बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती दाखवली आणि १९९३ मध्ये तिचा नाद सोडून दिला. प्रचंड पैसा खर्च झाला. घरोघरी पोहोचलेले संच मात्र नगण्य.

दोघांनाही हरवले एका तिसऱ्याने. जून १९९० मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट या अमेरिकी कंपनीने पूर्णपणे डिजिटल एचडी पद्धती मांडली. वू पाइक हे तिचे प्रमुख अभियंते. तोवर जाणकारांचे मत होते की डिजिटल एचडी एका सामान्य वाहिनीत बसवणे त्या शतकात तरी शक्य नाही. हा संशय निराधार नव्हता. स्टुडिओतले कच्चे एचडी चित्र आजही तारेतून सेकंदाला सुमारे १.४८५ अब्ज बिट या वेगाने वाहते आणि अमेरिकी डिजिटल वाहिनीची क्षमता आहे सेकंदाला सुमारे १.९४ कोटी बिट. म्हणजे पंचाहत्तर पोती धान्य एका पोत्यात भरायचे. हे जमते, कारण चित्राचा बहुतेक भाग मागच्या चित्रासारखाच असतो. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत हलत नाही. ती दर वेळी नव्याने पाठवण्याऐवजी ‘भिंत तीच आहे’ एवढेच कळवले की पुरते. एमपेग-२ या संक्षेपण पद्धतीचा गाभा हाच. १९९३ मध्ये स्पर्धक अमेरिकी गट ‘ग्रँड अलायन्स’मध्ये एकत्र आले आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने डिजिटल मानकाला मान्यता दिली. त्यातही एक गंमत राहिली. संगणक उद्योगाला ‘सलग’ चित्र हवे होते, प्रसारकांना ‘एकाआड एक’. भांडण मिटेना, तेव्हा आयोगाने चित्राच्या मापांचा तक्ताच मानकातून वगळला. १०८०आय आणि ७२०पी हे दोन्ही ‘एचडी’ म्हणून जगात शिल्लक राहिले, ते या न मिटलेल्या भांडणामुळे.

१६:९ हे गुणोत्तर मात्र तुलनेने शांततेत ठरले. १९८० च्या दशकात अमेरिकेतील चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संघटनेत काम करणारे कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित सर्व पडद्यांचे, ४:३ पासून सिनेमास्कोपच्या २.३५:१ पर्यंतचे, समान क्षेत्रफळाचे आयत कापून एकावर एक ठेवले. सगळ्यांना कवेत घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत सामावणारा आतला आयत, दोन्हींचे गुणोत्तर सुमारे १.७७ निघाले. १६ भागिले ९ म्हणजे तेच. दोन टोकांचा हा भूमितीय मध्य आहे, म्हणूनच तो कोणाचाच पूर्ण नाही. या पडद्यावर जुना चित्रपट दाखवला की डावी-उजवी बाजू रिकामी राहते, सिनेमास्कोप दाखवला की वरची-खालची.

जगाने अखेर १९२० × १०८० बिंदूंचे एक सामाईक चित्र मान्य केले. ५० आणि ६० चे भांडण मात्र तसेच ठेवले गेले. चित्र एक, गती दोन. भारतातल्या एचडी वाहिन्या १०८०आय आणि ५० अर्धी चित्रे या मापात आल्या. जुन्या काळातल्या युरोपीय वीजघरांचा निर्णय औंढ्याच्या दिवाणखान्यात आजही पाळला जातो. चपट्या पडद्याला त्याची काहीही गरज नाही. तो आलेल्या दोन अर्ध्या चित्रांची सांगड घालून पुन्हा एक सलग चित्र बनवतो आणि मगच दाखवतो.

आकड्यांत सांगायचे तर भारताचे जुने डिजिटल ‘एसडी’ चित्र ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचे. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६००. भागाकार नेमका ५ येतो. एचडी म्हणजे पाचपट चित्र, हे विधान इथे अतिशयोक्ती नसून साधे गणित आहे.

आता हे पाचपट चित्र मराठवाड्यात कसे आले ते पाहू. भारतात सार्वजनिक एचडी प्रसारणाचा मुहूर्त ऑक्टोबर २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल खेळांचा. रंग आशियाई खेळांसोबत आला आणि एचडी राष्ट्रकुल खेळांसोबत. आपल्याकडे चित्राचे मानक क्रीडास्पर्धेच्या पाहुण्यांसाठी बदलते, असे कोणी खवचटपणे म्हटले तर त्याला खोडून काढणे अवघड आहे. २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती होऊन डिजिटलीकरण सक्तीचे झाले. मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती, औरंगाबाद, सोलापूर, नाशिक, नागपूर, पुणे अशा शहरांना ३१ मार्च २०१३ ची. लहान शहरे आणि ग्रामीण भाग शेवटच्या टप्प्यांत. ते टप्पे लांबत लांबत मार्च २०१७ पर्यंत गेले. मराठी करमणूक वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या साधारण याच सुमारास आल्या. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी, तिघांनीही २०१६ मध्ये. अल्फा टीव्ही मराठी १९९९ मध्ये सुरू झाली होती. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तोही त्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी. म्हणजे जिल्हा आणि उपग्रहावरची मराठी खासगी करमणूक वाहिनी एकाच वयाच्या, आणि दोघी सतरा वर्षांच्या झाल्या तेव्हा तिला एचडी रूप मिळाले.

जमिनीवरच्या मनोऱ्यांचे काय झाले? डिजिटल मनोऱ्यांसाठी भारताने युरोपची ‘डीव्हीबी-टी२’ ही पद्धती निवडली. २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत ती सुरू केली आणि त्यांत मराठवाड्यातले औरंगाबाद होते. औंढा तिथून हवाई मार्गाने सुमारे १८० किलोमीटर. पृथ्वीची गोलाई एवढ्या अंतरावर मनोऱ्याचा संकेत पोहोचू देत नाही. पुढे प्रसार भारतीने उरलेले अ‍ॅनालॉग मनोरेही मार्च २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद केले. मोक्याच्या ठिकाणचे पन्नास तेवढे ठेवले. औंढ्याच्या दृष्टीने जमिनीवरची दूरचित्रवाणी अ‍ॅनालॉग असताना कडेवर होती आणि डिजिटल होऊ लागली तेव्हा संपली. जे यायचे ते आकाशातूनच.

आकाशातून दोन वाटांनी आले. एक, खासगी डीटीएच, ज्यावर दरमहा पैसे भरून एचडी मिळते. दुसरी, दूरदर्शनची मोफत सेवा. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की पुढे भाडे नाही. ग्रामीण महाराष्ट्रात तिचा प्रसार का झाला, हे वेगळे सांगायला नको. पण या मोफत सेवेचा पाया २००४ चा आहे. संक्षेपण एमपेग-२ आणि चित्र एसडी. एकाच उपग्रहावर जास्तीत जास्त वाहिन्या बसवायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला कमी बिट येतात. २००३ मध्ये आलेली एमपेग-४ ही पद्धती तेच चित्र साधारण निम्म्या बिटांत बसवते आणि मोफत सेवेत तिच्या जागा नंतर आल्याही. पण जुना एमपेग-२ बॉक्स ते चित्र उघडू शकत नाही. मानक बदलायचे तर लक्षावधी घरांतला बॉक्स बदलावा लागतो आणि ज्यांनी तो बॉक्स मोफत सेवेसाठीच घेतला, त्यांच्यावर तो खर्च कसा टाकायचा? बदल न करणे हा इथे आळस नाही. त्यात एक सार्वजनिक जबाबदारीही आहे. तिची किंमत मात्र तोच प्रेक्षक चित्राच्या रूपाने मोजतो.

पैशांच्या बाजूनेही मानकाचा उंबरठा उभा झाला. २०१७ च्या आणि प्रत्यक्षात २०१९ पासून लागू झालेल्या दूरसंचार नियामकाच्या नियमांत जोडणीचे मूळ शुल्क मोजताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांएवढी धरली गेली. बिंदूंनी पाचपट, हिशेबात दुप्पट. ही सवलतच म्हणायची. वाहिनीची स्वतंत्र किंमत त्यावर असतेच. तेव्हा एका खोलीत पाचपट बिंदू दाखवू शकणारा पडदा आणि त्यात शिरणारे एकपट चित्र, असे दृश्य गावोगाव दिसते. पडद्याने उरलेले चार भाग कुठून आणायचे? तो शेजारच्या बिंदूंची सरासरी काढून मधल्या जागा भरतो. चित्र मोठे होते, स्पष्ट होत नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. एचडीचा सगळा डामडौल पाहणाऱ्याच्या अंतरावर अवलंबून आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. ३२ इंची रुंद पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर. १०८० रेषा पूर्ण दिसायच्या तर साधारण सव्वा मीटरवर, म्हणजे चार फुटांवर बसावे लागते. ५७६ रेषांचे चांगले चित्र सुमारे आठ फुटांपासून डोळ्याला तितकेच निर्दोष वाटते. मोठ्या कुटुंबाच्या खोलीत भिंतीला टेकून दहा फुटांवरून मालिका पाहणाऱ्या आजीला रेषांच्या बाबतीत एचडीने फारसे काही दिले नसते. तिला जे खुपते ते बहुधा वेगळे असते, अपुऱ्या बिटांमुळे क्रिकेटच्या हिरवळीवर उठणारे चौकोन, पाण्याच्या लाटांची होणारी चिखलाड. तो दोष एसडीचा नसून दाटीवाटीचा आहे. कमी रेषांचे पण ऐसपैस पाठवलेले चित्र जास्त रेषांच्या कोंबलेल्या चित्रापेक्षा चांगले दिसू शकते. खोक्यावरच्या दोन अक्षरांतून हे कधीच कळत नाही.

आणि पाऊस. उपग्रहाचे चित्र येते त्या केयू पट्ट्यातल्या लहरी जोरदार सरींत शोषल्या जातात. मुंग्या आता येत नाहीत. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते, मग क्षणभर चौकोनांत फुटते आणि पडदा काळा होऊन ‘नो सिग्नल’ अशी पाटी उरते. अर्धेमुर्धे चित्र देण्याची अ‍ॅनालॉगची सवय या पद्धतीत नाही. जुलैतल्या संध्याकाळी औंढ्यात आभाळ फुटले की मालिकेचा नेमका उत्कर्षबिंदू अनेक घरांत एकाच वेळी नाहीसा होतो. गच्चीवर जाऊन छत्री फिरवण्यात अर्थ नसतो. उलट ती फिरली तर पाऊस थांबल्यावरही चित्र येत नाही.

राहता राहिला पहिला प्रश्न, माणसे जाड का दिसतात? जुने चित्र ४:३ चे असते. पडद्याच्या १०८० उंचीत ते १४४० बिंदू रुंदीचे भरते. पण नव्या टीव्हीची कारखान्यातली मांडणी बहुधा पूर्ण पडदा भरणारी असते, म्हणून ते १९२० पर्यंत ताणले जाते, म्हणजे एक तृतीयांश अधिक रुंद. प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट १९३६ चा, बीबीसीने ४०५ रेषांना ‘उच्च’ म्हटले त्याच वर्षीचा, आणि तो जवळपास ४:३ मापातच चित्रित झालेला आहे. ताणलेल्या पडद्यावर त्यातले विष्णुपंत पागनीस यांचे तुकाराम अंगाने भरलेले, गुटगुटीत दिसतात आणि देहूच्या गाड्यांची चाके लंबगोल होतात. रिमोटवर पडद्याच्या मापाचे एक बटण असते. ते ‘४:३’ वर आणले की डावी-उजवीकडे २४०-२४० बिंदूंचे काळे पट्टे येतात, चाके पुन्हा गोल होतात आणि तुकाराम आपल्या मूळच्या कृश अंगकाठीत परततात. पुष्कळ घरांत मग कोणीतरी तक्रार करते की एवढा मोठा टीव्ही घेतला आणि चित्र लहान झाले, आणि बटण पुन्हा दाबले जाते.